मागे उभा राहणारा मुलगा

भात कापून झालं, खाचरातला चिखल वाळून टणक झाला, की बाजारकुणंगच्या मुलांना मैदान मिळतं. पावसाळ्याचे चार महिने त्या जमिनीवर भाताचा हक्क असतो. दिवाळीच्या सुमाराला ती मोकळी होते आणि पुढच्या मृगापर्यंत मुलांची असते. भाताचे खुंट अनवाणी पायांना टोचतात, बांधाच्या कडेला चेंडू अडखळतो, पलीकडे गेला तर थेट झाडीत. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे, आणि मध्ये सहा-सहा पोरं.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातलं हे गाव घाटमाथ्यावरचं, गोव्याच्या शेजारचं. याच डोंगरांत, डिग्गीच्या बाजूला, काळी नदी उगम पावते. पुढे सुपा धरणात तिचं पाणी अडतं. त्या धरणाखाली जुनं सुपा गाव गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. क्षेत्रफळाने अवाढव्य असलेल्या या तालुक्यात माणसं जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास, तीही जंगलात विखुरलेली. कोकणी घरात, मराठी भजनात आणि पोथीत, कन्नड कचेरीत, असा इथल्या माणसांचा भाषेचा रोजचा संसार. सरकार बेंगळुरूचं, पण रोजगाराला पाय वळतात गोव्याकडे.

मी बांधावर बसून खेळ बघत होतो. संघ पाडण्याची रीत आपल्याकडे सगळीकडे असते तशीच होती. दोन मोठी मुलं आळीपाळीने गडी निवडत गेली. जो धावतो तो आधी, जो गोल मारतो तो त्याच्याही आधी. शेवटी अंगाने किरकोळ, गप्पसा एक मुलगा उरला. त्याला कोणी निवडलं नाही, तो नुसता वाट्याला आला. "तू मागे थांब," एवढंच त्याला सांगितलं गेलं.

तो मागे थांबला. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. चेंडू दूर असतानाही तो उभा नव्हता. दोन पावलं डावीकडे, एक मागे, मान सतत फिरती. समोरच्या पोराने चेंडू पुढे ढकलला, तेव्हा हा आधीच तिथे होता. पाय लावून त्याने चेंडू अडवला, मान वर केली, उजव्या बाजूला एकटा उभा असलेला आपला गडी त्याला दिसला. तेवढ्यात चहूकडून आरडाओरडा झाला, "मार! मार!" पोर बावरलं आणि डोळे मिटून त्याने चेंडू झाडीत भिरकावला. सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली.

त्या एका क्षणात त्याच्या हातून काय निसटलं, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

०

स्पेनच्या ईशान्य टोकाला, कातालोनियातल्या जिरोना शहराजवळ एस्तान्योल नावाची वाडी आहे. वस्ती दोनशेच्या आसपास. तिथल्या एका सुतारकाम करणाऱ्या घरात २२ जानेवारी २००७ रोजी पाऊ कुबार्सी जन्मला. आधी जिरोनाच्या क्लबात खेळला आणि २०१८ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, बार्सिलोनाच्या युवा विभागात दाखल झाला. तोही बचावपटू. कोल्हापूरच्या पेठांत ज्याला 'स्टॉपर' म्हणतात, ती त्याची जागा.

१८ जानेवारी २०२४ रोजी, सतरावं वर्ष पुरं व्हायला चार दिवस असताना, तो पहिल्यांदा बार्सिलोनाच्या मुख्य संघातून खेळला. स्पर्धा कोपा देल रे, समोर सालामांकाचा छोटा संघ. दोन महिन्यांनी, १२ मार्चला, चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत इटलीचा नापोली आला. नापोलीच्या आघाडीला होता व्हिक्टर ओसिमेन, वर्षभरापूर्वी इटलीच्या साखळीत सर्वाधिक गोल मारणारा धिप्पाड नायजेरियन. त्याला अडवायचं काम सतरा वर्षांच्या या पोराकडे होतं. बार्सिलोना ३-१ ने जिंकली आणि सामनावीर ठरला कुबार्सी. २२ मार्चला तो स्पेनच्या राष्ट्रीय संघातून कोलंबियाविरुद्ध उतरला. स्पेनसाठी एवढ्या कमी वयात खेळलेला बचावपटू त्याच्याआधी नव्हता. त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात फ्रान्सला ५-३ ने हरवून त्याने सुवर्णपदकही गळ्यात घातलं.

कोवळ्या वयात चमकणारे आघाडीवीर फुटबॉलला नवे नाहीत. पेले सतराव्या वर्षी विश्वविजेता झाला. मागच्या फळीत मात्र सतरा वर्षांचं पोर उभं करायला भलेभले प्रशिक्षक धजत नाहीत, आणि त्याला कारण आहे. पुढच्या माणसाने नऊ वेळा चुका केल्या आणि दहाव्या वेळी गोल मारला, तर लोक त्याला डोक्यावर घेतात. मागच्याने एकोणनव्वद मिनिटं सगळं नीट केलं आणि नव्वदाव्या मिनिटाला पाय घसरला, तर तोच घसरलेला पाय लोकांच्या ध्यानात राहतो. बचावपटूच्या चुकीची किंमत फळ्यावर लिहिली जाते. म्हणून ही जागा अनुभवी, रापलेल्या माणसासाठी राखून ठेवायची, असा जगभरचा शिरस्ता आहे. बार्सिलोनाने तो मोडला. त्यामागे चाळीसेक वर्षांची मशागत आहे.

०

'मासिया' म्हणजे कातालान मुलखातलं शेतावरचं दगडी घर. बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानाला लागून असं एक घर होतं, १७०२ साली बांधलेलं. १९७९ मध्ये क्लबने ते खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्यासाठी उघडलं. राहायचं, जेवायचं, शाळेत जायचं आणि संध्याकाळी खेळायचं. 'ला मासिया' हे नाव पुढे जगभर झालं ते त्या घरामुळे. २०११ मध्ये मुलं नव्या, मोठ्या इमारतीत गेली, पण नाव तेच राहिलं. पुढच्याच वर्षी, २५ नोव्हेंबर २०१२ रोजी लेव्हान्तेविरुद्धच्या सामन्यात दानी आल्व्हेस दुखापतीने बाहेर गेला, मार्तिन मोन्तोया आत आला, आणि मैदानावरचे बार्सिलोनाचे अकराच्या अकरा खेळाडू याच युवा विभागात वाढलेले होते. सामना ४-० ने जिंकला.

त्या अकरांतला एक कार्लेस पुयोल. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ला पोब्ला दे सेगुरचा हा मुलगा लहानपणी गोलरक्षक होता, मग पुढे खेळू लागला. बार्सिलोनात आला तो १९९५ मध्ये, सतराव्या वर्षी, म्हणजे कुबार्सीने ज्या वयात मैदान गाजवलं त्या वयात पुयोलने तिथे पाऊल टाकलं. १९९९ मध्ये लुई व्हान खालने त्याला मुख्य संघात घेतलं आणि पुढे दहा वर्षं तो कर्णधार राहिला. एक सतराव्या वर्षी पिकला, दुसरा सतराव्या वर्षी नुसता पेरला गेला. दोघांनाही तिथे जागा होती.

तिथे बचावपटूला शिकवतात काय? हाणामारी सगळ्यात शेवटी. सुरुवात होते बघण्यापासून. चेंडू आपल्याकडे यायच्या आधी डावी-उजवीकडे मान फिरवून आपले किती, त्यांचे किती, मोकळी जागा कुठे, हे टिपून ठेवायचं. मग अंग अर्धं वळवून उभं राहायचं. चेंडूला सरळ छाती देऊन उभं राहिलं तर फक्त समोरचं अर्धं मैदान दिसतं आणि चेंडू आला त्याच वाटेने परत जातो. अंग तिरकं ठेवून मागच्या पायावर चेंडू घेतला, तर दोन्ही बाजू उघड्या राहतात आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढच्या वाटेला लागतो. हे वाचायला एका ओळीचं आहे, पण अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं आठ ते चौदा या वयातली असतात. विशीच्या मुलाला हे समजतं, पण दडपण आलं की त्याचं अंग जुन्याच सवयीने वळतं.

कुबार्सी चेंडू घेताना बघा. समोरून आघाडीवीर धावत येत असतो, स्टेडियम ओरडत असतं, आणि हा एक क्षण थांबतो. समोरच्याला आणखी दोन पावलं जवळ येऊ देतो, कारण तो जवळ आला की त्याच्या मागची जागा रिकामी होते. मग दोन खेळाडूंच्या मधून चेंडू जमिनीलगत पुढे जातो. बाजारकुणंगच्या खाचरात ज्या क्षणी "मार!" असा ओरडा होतो, त्या क्षणासाठी ला मासियातल्या मुलाला वर्षानुवर्षं कोणीतरी "बघ" म्हणत आलेलं असतं.

०

थांबून बघायला धीर लागतो आणि तो धीर चूक पोटात घालणारी माणसं पाठीशी असली तरच येतो. ५ मार्च २०२५ रोजी लिस्बनमध्ये बेनफिकाविरुद्ध बाविसाव्याच मिनिटाला कुबार्सीने गोलकडे निघालेल्या पाव्हलिदिसला पाडलं आणि लाल कार्ड घेतलं. सत्तर मिनिटं दहा जणांनी खिंड लढवली, गोलरक्षक श्चेन्स्नीने जिवाच्या आकांताने चेंडू अडवले, रफिन्याने एक गोल मारला आणि सामना १-० ने हाती आला. अठरा वर्षांच्या मुलाने संघाला एवढ्या खाईत लोटलं, तरी त्याची जागा गेली नाही. निलंबन संपताच तो पुन्हा मागच्या फळीत होता आणि त्या मोसमाअखेर बार्सिलोनाने स्पेनची साखळीही जिंकली, कोपा देल रेही.

त्याच मोसमातला, २६ ऑक्टोबर २०२४ चा रेआल माद्रिदविरुद्धचा सामना मी कधी विसरणार नाही. प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांनी मागच्या चौघांना जवळजवळ मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे आणलं होतं. मागे सगळं रान मोकळं, समोर एम्बापेसारखा वारा प्यालेला खेळाडू. कुंदे, कुबार्सी, इन्यिगो मार्तिनेझ आणि बाल्दे या चौघांचा सारा भरवसा एका गोष्टीवर होता, नेमक्या क्षणी चौघांनी मिळून एक पाऊल पुढे टाकून समोरच्याला ऑफसाईड पाडायचं. भाताच्या लावणीत बायका एका ओळीत वाकून मागे सरकतात, एकीचा हात मागे राहिला की ओळ मोडते. हे तसंच, फक्त इथे ओळ मोडली की गोल होतो. त्या रात्री माद्रिदचे खेळाडू बारा वेळा ऑफसाईड पकडले गेले, त्यांतले आठ वेळा एकटा एम्बापे. बार्सिलोना माद्रिदच्या घरात ४-० ने जिंकली. त्या ओळीत मधोमध सतरा वर्षांचा कुबार्सी होता, आणि डाव्या टोकाला एकवीस वर्षांचा आलेहान्द्रो बाल्दे, तोही ला मासियाचाच.

हे सारं निव्वळ दूरदृष्टीतून घडलं, असं म्हणणं खरं होणार नाही. २०२१ मध्ये बार्सिलोनाचं कर्ज १३५ कोटी युरोंवर गेल्याचं अध्यक्ष लापोर्ता यांनीच जाहीर केलं होतं. तयार खेळाडू विकत आणायला हात आखडता घ्यावा लागला, त्यात जखमींची रांग लागली, तेव्हा घरातली मुलं पुढे आली. रेआल माद्रिदमध्येही ९ नोव्हेंबर २०२४ ला ओसासुनाविरुद्ध एदेर मिलिताओ गुडघा धरून बाहेर गेला आणि एकवीस वर्षांचा राऊल आसेन्सियो पहिल्यांदा मुख्य संघातून उतरला. त्याने मागून टाकलेल्या लांब पासवर बेलिंगहॅमने गोल केला. गरजेने दार उघडतं हे खरं. पण दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर कोणीतरी तयार उभं असावं लागतं, आणि ते उभं करायला दहा वर्षं आधी सुरुवात करावी लागते.

०

आता आपल्या मुलखाकडे येतो. १७ मार्च २०१९ ची रात्र. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. एका बाजूला बेंगळुरू एफसी, दुसऱ्या बाजूला एफसी गोवा. बाजारकुणंगसारख्या गावाने कोणाची बाजू घ्यावी? राज्य बेंगळुरूचं आणि शेजार गोव्याचा!

या सामन्यात आणखी एक योग होता. बेंगळुरूचे प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात बार्सिलोनाच्या युवा विभागात वाढलेले. त्यांच्याआधीचे आल्बेर्त रोका तर बार्सिलोनात फ्रँक रायकार्डचे सहायक होते. गोव्याचे प्रशिक्षक सेर्जियो लोबेरा यांनी बार्सिलोनाच्या युवा संघांना शिकवलेलं, तितो विलानोव्हांच्या हाताखाली काम केलेलं. म्हणजे अंधेरीत त्या रात्री दोन्ही बाजूंना एकाच शाळेचे मास्तर बसले होते. आणि दोन्ही बाजूंच्या मागच्या फळीत आपल्या नावांचा एकेक गडी होता. बेंगळुरूकडून मुंबईचा राहुल भेके, गोव्याकडून मंदार राव देसाई.

नव्वद मिनिटांत गोल नाही. अतिरिक्त वेळेत गोव्याचा मोरोक्कन मधल्या फळीवाला अहमद जाहू दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला, गोवा दहांवर आली. पेनल्टीचे वेध लागले, तीन-चार मिनिटं उरली, आणि बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. तो मारला दिमास देल्गादोने, जो स्वतः बार्सिलोनाच्या 'ब' संघातून आलेला. मागून धावत आलेला भेके उंच उठला, डोक्याने चेंडू जाळ्यात, सामना १-० आणि करंडक बेंगळुरूचा. बरोबर एक वर्षापूर्वी, १७ मार्च २०१८ ला, हाच संघ घरच्या मैदानावर अंतिम सामना चेन्नईयिनकडून २-३ ने हरला होता. ते देणं एका मराठी बचावपटूने फेडलं.

भेकेची पुढची गोष्ट त्याहून मोठी आहे. ११ एप्रिल २०२२, रियाध. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटी एफसीसमोर इराकचा एअर फोर्स क्लब. हाच तो संघ, ज्याने २०१६ मध्ये दोह्यात रोकांच्या बेंगळुरूला एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यात १-० ने हरवलं होतं. रियाधमध्ये मुंबई आधी मागे पडली, पेनल्टीवर बरोबरी झाली. पंचाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. मारणारा अहमद जाहू, जो अंधेरीच्या त्या रात्री भेकेच्या विरुद्ध बाजूला होता. उंच उठलेला पुन्हा भेके. २-१. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. पुढे मे २०२४ मध्ये भेकेने कर्णधार म्हणून मुंबई सिटीला सुपर लीगचा करंडकही मिळवून दिला.

मंदारची वाट वेगळी. २०१४ मध्ये प्रशिक्षक झिकोच्या एफसी गोव्यात तो आला तेव्हा डाव्या कडेने पुढे धावणारा विंगर होता. २०१७ मध्ये लोबेरा आले आणि त्यांनी त्याला मागे, डाव्या बॅकच्या जागी आणलं. आपल्याकडे मागे जाणं म्हणजे उतरण समजली जाते. पण लोबेरांच्या खेळात बॅक हा आक्रमणाची पहिली पायरी होता. मंदार त्या जागेवर फुलला. गोव्याचा कर्णधार झाला, २०१९ चा सुपर कप जिंकला, २०२० मध्ये साखळीत अव्वल आलेल्या संघात राहिला, मग लोबेरांबरोबर मुंबईला जाऊन २०२१ मध्ये लीगचे दोन्ही करंडक, साखळीचा आणि अंतिम सामन्याचा, उचलले. जानेवारी २०२४ मध्ये तो क्वाद्रातच्या ईस्ट बंगालमध्ये होता. सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी हरवलं ओडिशाला, आणि ओडिशाचे प्रशिक्षक होते लोबेरा.

आणखी एक रात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १४ एप्रिल २०२१, मडगावचं फातोर्डा मैदान, करोनामुळे प्रेक्षकांवाचून सुनं. बाजारकुणंगहून डोंगर उतरला की पलीकडच्या मुलखातलंच हे मैदान. एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या साखळीत थेट पोचलेला पहिला भारतीय क्लब होता आणि त्याचा पहिला सामना कतारच्या अल-रय्यानशी होता. अल-रय्यानच्या बाकावर लॉराँ ब्लाँ, फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातला बचावपटू, एके काळी बार्सिलोनाच्याही मागच्या फळीत खेळलेला. गोव्याचे प्रशिक्षक स्पेनचे हुआन फेर्रान्दो. मोहिमेवरच्या संघात सॅनसन परेरा, सेव्हियर गामा अशी विशीतली गोंयकार बॅकमंडळी होती आणि गोलात वीस वर्षांचा धीरज सिंग. सामना ०-० सुटला. तीन दिवसांनी संयुक्त अरब अमिरातीच्या अल-वाहदाशीही ०-०. गोलच्या बातम्यांत अशा सामन्यांना दोन ओळी मिळतात. माझ्या लेखी ती शून्यं एखाद्या विजयापेक्षा कमी नाहीत.

०

आता दोन आकडे शेजारी ठेवा. पाऊ कुबार्सी स्पेनकडून पहिला सामना खेळला तेव्हा सतरा वर्षांचा होता. राहुल भेके भारताकडून पहिला सामना खेळला जून २०१९ मध्ये, थायलंडच्या किंग्ज कपमध्ये कुरासाओविरुद्ध, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ, पुणे, बेंगळुरू असे मुक्काम करत तो तिथवर पोचला. दोघांमध्ये अकरा वर्षांचं अंतर आहे. ही अकरा वर्षं भेकेच्या पायांत कमी नव्हती, ती वाटेत गेली. कुबार्सीला अकराव्या वर्षी जे घर मिळालं, तसं घर आपल्याकडच्या मुलाला शोधत फिरावं लागतं आणि बहुतेकांना ते सापडतच नाही.

सापडलं तर काय होतं, याचे दाखले आपल्याकडे आहेत. गोव्याचा महेश गवळी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत घडला. ईस्ट बंगालने २००३ मध्ये जकार्त्यात आसियान क्लब स्पर्धा जिंकली त्या संघात तो होता, डेम्पोच्या सोनेरी काळात मागची फळी त्याने सांभाळली, २०११ च्या आशिया चषकात भारताकडून उतरला आणि पुढे त्याने तरुण संघांना शिकवलं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो आघाडीचा खेळाडू, पण त्याच संघाच्या मागच्या फळीत अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हा मराठी मुलगाही होता. घरापासून दूर, पण खेळाच्या जवळ, अशी जागा कोवळ्या वयात मिळाली की मूल वाढतं.

आणि उत्तर कन्नडला तर हे कोणी वेगळं सांगायला नको. याच जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या मुलांसाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ मध्ये विशेष योजना आखली. जंगलातल्या वाड्यांतून मुलं निवडून त्यांना राहण्या-जेवण्यासकट प्रशिक्षण दिलं. काही वर्षांतच त्यांतून धावपटू पुढे आले, पदकं आली. मग नव्वदच्या दशकात ती योजना गुंडाळली गेली आणि मुलं आपापल्या वाड्यांत परतली. बार्सिलोनाचं ते दगडी घर १९७९ मध्ये उघडलं आणि पुयोल मुख्य संघात आला तो त्यानंतर वीस वर्षांनी. दरम्यान कोणी हिशेब मागून दाराला कुलूप घातलं असतं, तर तो कुठून आला असता?

मी बाजारकुणंगला ला मासिया मागत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लहानग्यांसाठी २०१८ मध्ये बेबी लीगची कल्पना आणली, एफसी गोव्याच्या संस्थेने गोव्याच्या गावांत लहान मुलांचे सामने भरवले. या गोष्टी घाट चढून वर यायला हव्यात. जोयडा तालुक्यातल्या शाळांमध्ये दर आठवड्याला एक सामना, हंगामभर. मुलांना नेणारी एक गाडी. आणि एक गुरुजी, ज्याला चेंडूच्या मागे न धावणाऱ्या मुलाकडे बघण्याची नजर आहे. बचावपटू सामन्यांत घडतो. पुढे खेळणारा मुलगा भिंतीवर चेंडू मारत एकटा शिकू शकेल. मागचा शिकू शकत नाही, कारण त्याची विद्याच दुसऱ्याची चाल वाचण्याची आहे. तिला समोर दुसरा हवा, दर आठवड्याला नवा हवा. वर्षात दोन स्पर्धा आणि बाकी शुकशुकाट असेल, तर आपल्या मुलांना अठ्ठाविसावं वर्षच लागणार.

आणि आपणही बदलायला हवं, बांधावर बसणाऱ्यांनी. उरलेल्या मुलाला मागे ठेवायचं, ही आपली जुनी खोड आहे. बार्सिलोनात ज्याला सगळ्यांत जास्त दिसतं त्याला मागे ठेवतात, कारण सगळं मैदान ज्याच्या समोर असतं असा गोलरक्षकाखेरीज तोच एक.

०

जोयड्याचे कुणबी कंदांसाठी नावाजलेले. हिवाळ्यात तालुक्याच्या गावी कंदांचा मेळा भरतो, हातभर लांबीचे, मनगटाएवढे जाड कंद लोक मांडून बसतात. पावसाच्या तोंडावर लावलेला वेल वर पसरत असतो, तेव्हा खाली काय चाललंय ते कोणाला दिसत नाही. उकरून बघायची घाई केली तर हाती बोटाएवढा तुकडा येतो आणि वेलही जातो. लावणारा हे जाणतो, म्हणून माती ओढत राहतो आणि थांबतो. मला वाटतं, बचावपटू कसा वाढवावा हे या तालुक्याला शिकवावं लागणार नाही.

ऊन उतरलं तरी खेळ चालूच होता. मी बांधावरून उठून त्या मुलाच्या मागे, दगडांपाशी जाऊन उभा राहिलो. त्याला म्हटलं, "बाळा, तुला मघाशी तो उजवीकडचा दिसला होता ना?"

त्याने मान हलवली. "दिसला होता. पण सगळे ओरडले."

"पुढच्या वेळी दिसला तर त्यालाच दे. चुकलं तर चुकलं."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने चेंडू आला. त्याने अडवला, मान वर केली. "मार! मार!" पुन्हा तोच गलका उठला. तो क्षणभर थांबला. मग पायाच्या आतल्या बाजूने त्याने चेंडू उजवीकडे सरकवला. खुंटाला लागून तो उडाला, आपल्या गड्यापर्यंत पोचलाच नाही, समोरच्या पोराने मधेच पकडला आणि गोल मारला. सगळे त्याच्यावर धावून आले.

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरोबर होतं. पुन्हा दे."

तो परत आपल्या जागी गेला. दोन पावलं डावीकडे, एक मागे. मान फिरतीच होती.